चौथं कलम

काकांच्या घराचा जिना ताई एरवी एका दमात चढायची. त्या रविवारी मात्र ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. काखेतल्या फाइलमध्ये आचारसंहितेच्या पाच प्रती होत्या, वरून जावईबापूंच्या हसण्याचा आवाज येत होता आणि तिला अर्धा तास उशीर झाला होता. हा अर्धा तास तिनं खाली गाडीत बसूनच काढला होता. ताईला उशीर झालेला घरात काय नि कारखान्यात काय, कुणी कधी पाहिलेला नव्हता.

दार छोटीनं उघडलं. "काय गं, बरी आहेस ना? आम्ही म्हटलं, जिनं बैठक बोलावली तिनंच दांडी मारली की काय."

"गाडी लावायला जागा मिळेना," ताई म्हणाली. आजचं पहिलं खोटं बोलून झालं, हे तिचं तिलाच जाणवलं.

आत टेबलाभोवती सगळे जमले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून काका घराबाहेर पडत नसत, त्यामुळे घरच्या कंपनीच्या बैठका त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच व्हायच्या. ते खिडकीपाशी पाय लांब करून बसले होते. त्यांच्या शेजारी डॉक्टर, ताईच्या पाठचा भाऊ, सुट्टीच्या दिवशीही कडक इस्त्रीत. समोर छोटी, म्हणजे भावंडांतलं शेंडेफळ, आणि तिचा नवरा. लग्न झाल्यापासून त्याला सगळे जावईबापूच म्हणत, कारखान्यातले फोरमनसुद्धा. विक्रीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता, आणि वर्षभरानं ताई निवृत्त झाली की तिच्या खुर्चीत तेच बसणार, हे न बोलता ठरलेलं होतं.

"या ताई, या," जावईबापू म्हणाले. "शपथविधी आहे आणि मुख्य पाहुण्यांचाच पत्ता नाही!"

त्या कागदाला ते शपथविधी म्हणत. दोन वर्षं ताईनं त्याचा पिच्छा पुरवला होता. लोक ज्यावर चढून उभे राहतात ती वस्तू आपण बनवतो; तेव्हा घडीच्या शिड्यांचा हा कारखाना जो चालवेल, त्यानं डॉक्टर-वकिलांसारखी चार बंधनं लेखी मान्य करावीत, आणि मोडली तर खुर्ची सोडावी, इतकंच तिचं म्हणणं होतं. आधीच्या बैठकांत त्यावर थट्टा झाली होती, आवाजही चढले होते. आज सह्या व्हायच्या होत्या.

"मी शेवटचं बोलून घेतो," जावईबापू म्हणाले. "डॉक्टरांचं मला समजतं. ते माणसाचं पोट उघडतात. माणूस बेशुद्ध असतो, म्हणून शपथ लागते. आपलं गिऱ्हाईक चांगलं शुद्धीत असतं हो. दुकानात शिडी हलवून बघतं, दोन खुसपटं काढतं, नाही पटली तर दुसऱ्याची घेतं. आपल्याला सरळ ठेवायला बाजार आहे की."

"गिऱ्हाईकाला सांधा धरणारी रिव्हेट दिसते का आतली?" डॉक्टर म्हणाला. "तेही तुमच्यापुढे बेशुद्धच. मी चुकलो तर माझ्या डोक्यावर मेडिकल कौन्सिल आहे. तुमच्या डोक्यावर कोण आहे?"

"कायदा आहे."

"कायदा नंतर येतो. कुणीतरी पडल्यावर."

"मग धंदेवाल्यांचीही कौन्सिल काढा. मला परवाना द्या, मी फ्रेम करून लावतो भिंतीवर!"

काका खुदकन हसले. छोटीनं नवऱ्याच्या दंडाला चापट मारली. ताईनं फाइल टेबलावर ठेवली, पण उघडली नाही.

"सह्यांच्या आधी मला एक सांगायचंय," ती म्हणाली.

सांगायचं होतं ते शुक्रवारचं. कारखान्याच्या मागच्या अंगाला चाचणीची खोली होती. तिथे नव्या शिड्यांवर वजनं टाकून, त्यांना पिळून, हजारो वेळा उघडमीट करून त्या मोडेपर्यंत त्यांचा छळ चालायचा. सगळे तिला मोडखोली म्हणत आणि तिथल्या प्रमुखांना मोडणाऱ्या बाई. बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी कधी आवाज चढवला नव्हता. शुक्रवारी दुपारी त्या केबिनमध्ये आल्या आणि त्यांनी टेबलावर अॅल्युमिनियमची एक आडवी पट्टी ठेवली. शिडीचे दोन पाय फाकू नयेत म्हणून मध्ये असते, ती.

"वाचनालयातून एक शिडी परत आलीय, मॅडम. पाय वाकलाय म्हणून बदलून मागितलीय. तीन महिन्यांपूर्वी तिथल्या ग्रंथपाल बाई हिच्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं."

"तक्रार?"

"तक्रार नाही. त्यांनी स्वतःच लिहून दिलंय, माझा तोल गेला म्हणून." बाईंनी पट्टीच्या टोकाला बोट लावलं. रिव्हेट नुसत्या बोटानं निघून टेबलावर पडली. "तोल नंतर गेला, मॅडम. आधी ही गेली."

बाईंनी तशाच सहा शिड्या यंत्रावर लावून पाहिल्या होत्या. आठ हजार वेळा उघडमीट झाली की सहाही शिड्यांची पोकळ रिव्हेट झिजून सुटत होती. घरातली शिडी महिन्यातून दोनदा उघडते, तिला जन्मात काही झालं नसतं. वाचनालयातली दिवसातून वीसदा उघडायची.

आणि मग बाईंनी चार वर्षांपूर्वीचा एक कागद पुढे केला. भरीव रिव्हेट ठोकणारं जुनं यंत्र सारखं बंद पडत होतं, माल अडकला होता, म्हणून ताईनं पोकळ रिव्हेटला मंजुरी दिली होती. त्या मंजुरीवर बाईंनी लिहिलं होतं: 'आधी तीन महिने उघडमीट चाचणी व्हावी.' त्याखाली ताईच्या अक्षरात दोन शब्द होते: 'नंतर बघू.'

तो कागद कुणी लपवला नव्हता. ताई तो विसरली होती, इतकंच.

हे सगळं तिनं टेबलाशी बसून, एकदाही न अडखळता सांगितलं. सांगून होईपर्यंत चहाच्या कपांवर साय धरायला लागली होती.

पहिले बोलले ते काका. "भरीव रिव्हेट काढली? कुणी काढली?"

"मी, काका."

"चार वर्षं झाली आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं! म्हणून तर सांगायचं." काकांनी मान खिडकीकडे वळवली. त्यांनी आणि ताईच्या बाबांनी, दोघा भावांनी मिळून कारखाना काढला तेव्हा पहिली पाच वर्षं प्रत्येक रिव्हेट काकांनी हातानं ठोकली होती.

जावईबापूंनी मात्र फाइलमधून एक प्रत हलकेच ओढून घेतली होती. ते पान उलटून वाचत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची चेष्टा कुठल्या कुठे गेली होती.

"कलम चार," ते म्हणाले आणि मोठ्यानं वाचू लागले. "'सुरक्षेबद्दल लेखी घेतलेली हरकत प्रमुखानं उत्तर न देता बाजूला ठेवली आणि त्यातून कुणाला इजा झाली, तर त्या प्रमुखानं पद सोडावं आणि पुन्हा घेऊ नये.'"

ताईला तो मजकूर तोंडपाठ होता. पहिल्या तीन कलमांना मिळून जेवढा वेळ लागला नव्हता, तेवढा त्या एका कलमाला लागला होता. शब्द असा हवा होता की त्यातून निसटता येऊ नये. आणि खरं सांगायचं तर ते लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर जावईबापू होते.

"अहो, वाचताय काय?" छोटी म्हणाली. "ठेवा ते."

"का ठेवू? आज सह्या आहेत ना?" जावईबापूंनी खिशातलं पेन काढलं. "माझं मत बदललं. मी सही करतो."

"थांबा, थांबा," डॉक्टर खुर्चीतून अर्धा उठला. "अजून कुणीच सही केलेली नाही, म्हणजे हे कलम लागूच नाही. आज सह्या नकोत. पुढे बघू."

"वा! मघाशी माझ्या डोक्यावर कोण आहे विचारत होता. आता बहीण अडकली तर डोकं रिकामंच बरं?"

"जावईबापू, तोंड सांभाळून."

"दोन वर्षं माझ्याकडेच बघून हा कागद वाचला जातोय, डॉक्टर. मला कळत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?" ते ताईकडे वळले. आवाज खाली आला. "मी वाईट माणूस नाही, ताई. फक्त खरं सांगा. हेच माझ्या हातून झालं असतं, तर तुम्ही मला सोडलं असतंत?"

"नाही," ताई म्हणाली.

"संपलं तर मग."

संपलं नव्हतं. डॉक्टरनं ताईला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. तिथे काकांच्या औषधांचं कपाट होतं आणि एकच खुर्ची, त्यामुळे दोघंही उभीच राहिली.

"ऐक माझं. शिड्या परत मागव, सगळ्या मागव. पण कारण सांगू नकोस. नवीन मॉडेल आलंय, जुनी आणा, नवी न्या, म्हण. लोक सुरक्षित राहतील, तू राहशील, कारखान्याचं नावही राहील. कुणाचं काय बिघडलं?"

ताईला मोह झाला. शुक्रवारपासून हाच विचार तिच्याही मनात सतरा वेळा येऊन गेला होता, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तो फारच शहाणा वाटत होता.

"नव्या मॉडेलसाठी शिडी खांद्यावर टाकून कोण येतं रे? माझ्याच घरात वीस वर्षांची आहे. पडाल, असं सांगितलं तरच लोक येतील. आणि त्या ग्रंथपाल बाई?"

"त्यांची तक्रारच नाही."

"तक्रार करायला जागा आहे, हेच त्यांना माहीत नाही."

डॉक्टरनं कपाळ चोळलं. "तू गेलीस तर तो माणूस बसेल तिथे. चालेल तुला?"

"तुला आठवतं, नऊ वर्षांपूर्वी तुझ्या हातून ते ऑपरेशन चुकलं होतं? तू कौन्सिलपुढे गेलास, मी बाहेर बाकावर बसले होते."

"त्याचं इथं काय?"

"समोर चार म्हातारे डॉक्टर बसले. त्यांनी तुला सोलून काढलं, सहा महिने शस्त्रक्रिया करायची नाही म्हणाले. मला वाटलं, तू कोसळून बाहेर येशील. पण तू हलका होऊन आलास. मला तेव्हा तुझा हेवा वाटला." ती कपाटाला टेकली. "माझ्यासमोर बसायला कुणी नाही रे. अकरा वर्षं झाली. बाबा गेले आणि मी खुर्चीत बसले, त्या दिवसापासून लोक केबिनमध्ये येतात, हो मॅडम म्हणतात आणि दार ओढून घेऊन जातात. 'नंतर बघू' लिहिलं, त्यावर त्या मोडणाऱ्या बाईंनीसुद्धा परत विचारलं नाही. म्हटलं, माणूस नाही तर निदान एखादा कागद तरी समोर असू दे."

"तो कागद तुलाच हाकलतोय."

"हो ना," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

"मला विचारलंस का कधी, मला काय हवंय?" डॉक्टरचा आवाज एकदम लहान भावाचा झाला. "मला माझी बहीण तिथे हवी आहे. बास." आणि तो तिच्याआधी खोलीबाहेर गेला.

बाहेर काकांनी मधल्या वेळात डोळे मिटून घेतले होते. ताईची चाहूल लागताच त्यांनी ते उघडले.

"एक सांगतो," ते म्हणाले. "कारखाना काढायच्या आधी आम्ही दोघं बांबूच्या शिड्या बांधून विकायचो. पाट्या रंगवणारा एक जण पडला. गाठ सुटली होती. तुझे बाबा म्हणाले, शिडी जाळून टाक. मी मागच्या अंगणात जाळली. तो माणूस पुढे लंगडत पाट्या रंगवायचा. मला रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या बाजूनं जायचो."

घरात ही गोष्ट कुणीच ऐकलेली नव्हती. छोटीनं तोंडावर हात ठेवला.

"मग काका, तुम्हीच सांगा," ताई म्हणाली. "काय करू?"

"ते नको विचारूस, पोरी. ज्यानं जाळली त्याला काय विचारतेस?"

त्या घरात तिला आजवर न विचारता सल्ला मिळत आला होता, आणि आज मागूनही मिळेना. मग ती खुर्ची ओढून बसली, स्वतःची प्रत पुढे घेतली आणि शेवटच्या पानावर सही केली. नेहमीची, लांब शेपटीची.

"आता तुम्ही, जावईबापू. पण आधी पहिलं कलम वाचा."

जावईबापूंनी वाचलं, आणि त्यांचं पेन तसंच हवेत राहिलं. धोका कळल्यापासून सात दिवसांत वापरणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सांगायचं, असं ते कलम होतं.

"म्हणजे हे… आपणच छापायचं? आमची शिडी मोडते म्हणून?"

"दोन दिवस गेले. पाच उरले."

"ताई, डॉक्टर काय म्हणाले ते दाराआडून ऐकू आलं मला. नवीन मॉडेलची कल्पना वाईट नाही हो." त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं आणि अर्ध्या तासापूर्वी एकमेकांच्या अंगावर धावलेल्या त्या दोघांनी एकाच वेळी मान डोलावली. "खुर्चीत पहिल्याच दिवशी माझ्या नावानं ही नोटीस? विक्रेते मला दारात उभं करणार नाहीत."

"मग सही करू नका," ताई म्हणाली.

"करतील ते," छोटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बैठकांत छोटी चहा करायची, भांडणं मिटवायची आणि नवरा मत देईल तिथे मत द्यायची. आता ती नवऱ्याकडे पाहतही नव्हती. "तिला उठवायला हा कागद खरा वाटला ना तुम्हाला? मग सगळा खरा. चौथं कलम तेवढं खरं आणि पहिलं खोटं, असं नाही चालणार. नोटीस तुम्ही लिहायची, आज, इथेच. माझ्यासमोर."

जावईबापूंनी बायकोकडे असं पाहिलं, जणू एवढ्या वर्षांत तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. मग त्यांनी सही केली. नोटीस लिहायला तासभर लागला. त्यांनी तीनदा 'काही अपवादात्मक परिस्थितीत' असं लिहिलं, छोटीनं तीनदा खोडलं. शेवटी उरलं ते चार ओळींचं होतं: रिव्हेट सुटते, शिडी वापरू नका, परत आणा, चूक आमची आहे.

डॉक्टर सही करून, चहा न पिता निघून गेला. निघताना छोटीनं ताईला डब्यात काहीतरी बांधून दिलं, पण तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही. जिन्यात ताईच्या लक्षात आलं, चौघांनीही आज तिच्याच कागदावर सह्या केल्या आणि तिच्या बाजूला एकही उरला नाही.

सोमवारी तिनं केबिन रिकामी केली. पंधरा मिनिटांत आवरलं. अकरा वर्षांत तिनं तिथे स्वतःचं फारसं काही ठेवलंच नव्हतं. दाराशी मोडणाऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या.

"मी परत विचारायला हवं होतं, मॅडम. तेव्हाच."

"परत विचारावंसं वाटेल, तशी मी असायला हवी होते," ताई म्हणाली. "बसा ना जरा." बाई बसल्या. पाच-सात मिनिटं बसल्या, आणि जाताना त्यांनी दार उघडंच ठेवलं.

ग्रंथपाल बाईंचा पत्ता तिनं वाचनालयातून घेतला. मंगळवारी सकाळी ती तिथे गेली. एका जुन्या इमारतीतली तळमजल्यावरची तीन खोल्यांची जागा. सुनेनं दार उघडलं, कोण-कुठल्या विचारलं आणि "आई, तुमच्याकडे आलंय कुणीतरी," म्हणून ती आत स्वयंपाकघरात गेली. बाहेरच्या खोलीत ग्रंथपाल बाई खिडकीशी बसल्या होत्या. साठीला टेकलेल्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. शेजारी वॉकर होता आणि मांडीवर न उघडलेलं पुस्तक.

ताईनं कारखान्याचं नाव सांगितलं.

"अरे देवा, शिडी बदलून नाही का मिळत?" बाई कसनुशा हसल्या. "त्यात शिडीचा काही दोष नाही हो. मीच वेंधळी. घरात सगळे म्हणतात, या वयात कशाला चढायचं? चढले, पडले, आता सगळ्यांना माझं करावं लागतंय. नोकरीही गेली म्हणा. धडधाकट माणूस हवं त्यांना."

"तुमचा तोल गेला नव्हता," ताई म्हणाली.

"काय?"

"शिडीचा सांधा सुटला. आमची रिव्हेट कच्ची होती. ती बसवायला मी परवानगी दिली होती, तपासून न घेता. आधी शिडी मोडली, मग तुम्ही पडलात. तुमची काहीही चूक नव्हती. उपचाराचं जे काही असेल ते कंपनी बघेल, तसं लिहून आणलंय. पण मी आले ते हे सांगायला."

बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाई ओरडतील, रडतील, चालती हो म्हणतील. या सगळ्याची ताईनं मनाशी तयारी केली होती. बाईंनी मांडीवरचं पुस्तक उचलून बाजूला ठेवलं, वॉकर जवळ ओढला आणि दोन्ही हातांनी धरून त्या हळूहळू उठून उभ्या राहिल्या. ताई आधार द्यायला पुढे झाली, तेव्हा त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "पण जरा मोठ्यानं सांगा. आत माझी सून आहे. तिला ऐकू गेलं पाहिजे."

ताईनं स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.